बँकेच्या सर्चपासून सोलरच्या लोनपर्यंत

आमच्याकडं इंटर्नशिपला येणारी पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, मॅडम तुम्ही प्रोजेक्ट फायनान्समध्ये, म्हणजे सोलर प्लँटसारख्या प्रकल्पांच्या लोनच्या वकिलीत, कशा काय आलात, आणि त्यांना ऐकायचं असतं की मी बाहेरदेशी एलएलएम केलं किंवा मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये कॅम्पसमधून लागले. तसलं काही नाही. मी लातूरची, लॉ पण लातूरलाच, २०१० ची सनद, आणि सुरुवातीची तीन वर्षं मी फक्त सातबारे वाचले. खरं सांगायचं तर आजही तेच वाचते. तेव्हा त्या फाइलवर दीड लाखाचं पीककर्ज असायचं, आता १५ कोटीचं लोन असतं, आणि फी जरा बरी मिळते.

माझे सीनियर तीन बँकांच्या पॅनलवर होते, लोन द्यायच्या आधी जमिनीचे कागद तपासायला. बँकेचा शिपाई फाइल टाकून जायचा, त्यात सातबारा, आठ अ, चतुःसीमा, नशीब असलं तर खरेदीखताची झेरॉक्स, आणि वर पेन्सिलनं लिहिलेलं अर्जंट. १३ वर्षांचा सर्च, म्हणजे जमिनीचे मागचे व्यवहार शोधायचे, लोन मोठं असलं तर ३० वर्षांचा. रजिस्ट्री ऑफिसात बसून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, चाळायची. एका रिपोर्टचे बँक १२०० रुपये द्यायची, त्यातले ३०० माझे. सर म्हणायचे, सातबारा काय तलाठी बी वाचतो, तू फेर वाच. म्हणजे सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर असतात ते एकेक काढायचे आणि मागं मागं जायचं, जमीन ह्याच्याकडं कशी आली, ह्याच्या बापाकडं कशी आली. ए.कु.मॅ. लिहिलं असेल तर एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं पण जमीन सगळ्यांची. अ.पा.क. असेल तर मालक तेव्हा अज्ञान होता, मग तो सज्ञान कधी झाला, त्याच्या पालकानं मधेच काही विकलं का. हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात आम्ही राज्यघटनेवरची केशवानंद भारती केस पाठ केली.

आणि आमच्याकडं मागं जायचं म्हणजे निजामाच्या राज्यात जायचं. १७ सप्टेंबर १९४८ नंतरचं सगळं मराठीत मिळेल असं वाटायचं मला, तसं काही नसतं, त्याच्या आधीची सेतवारं, म्हणजे जमिनीची जुनी रजिस्टरं, उर्दूत, काही कागद मोडीत, आणि नंतरचीसुद्धा कितीतरी वर्षं खिचडी. नावाचा पट्टेदार एक, ताबा असलेला काबीज दुसरा, त्यात हक्क सांगणारा शिकमीदार तिसरा. कूळ कायदा पण वेगळा, हैदराबादचा १९५० चा, त्यामुळं मुंबई-पुण्याचा वकील जेव्हा मुंबई कूळ कायद्याचं कलम ६३ टाकून मराठवाड्यातल्या जमिनीचा रिपोर्ट देतो तेव्हा आम्ही चहा पीत पीत तो एकमेकांना वाचून दाखवतो. इथं हैदराबाद कायद्याचं कलम अडतीस ई आणि पन्नास ब बघायचं असतं, कुळाला मिळालेली जमीन असेल तर तेव्हा कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकणं सोडा, लीजवर पण देता येत नव्हती. इनाम, वतन, वक्फ, गायरान, सीलिंग हे अजून वेगळंच.

निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादला आले, १९८२ ला लातूर जिल्हा झाल्यावर लातूरला. कागदं पण अशीच गावोगाव फिरलेली. कुठं रुमालात बांधून ठेवलेली, रुमाल सोडला की धूळ आणि झुरळाचा वास, आणि कागद हातात घेतला की कडेनं पापडासारखा तुटतो.

ती उर्दू वाचायला लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागं एक चाचा होते, उर्दू शाळेतले रिटायर्ड मास्तर. २०० रुपये आणि एक कटिंग. कागद नाकाला लावून वाचायचे आणि मी लिहून घ्यायची. एकदा एका खातेदाराच्या नावापुढं त्यांनी वाचलं, लावल्द फौत. मी लिहिलं, बिनवारस मयत. ते म्हणले, ठैरो बेटी, लावल्द लिख्या म्हणून बिनवारस नका लिहू, बेट्या असल्या तरी लोक ऐसाच लिखाते थे. मी तेव्हा हसले आणि रिपोर्टमध्ये एक ओळ वाढवली. पुढं बारा-चौदा वर्षांनी दुसऱ्या एका रिपोर्टमध्ये तसली ओळ न वाढवणं मला चांगलंच महागात पडणार होतं. ते पुढं सांगते.

२०१३ ला आयबीपीएसची स्पेशालिस्ट ऑफिसरची परीक्षा दिली, लॉ ऑफिसर म्हणून एका सरकारी बँकेत लागले आणि पोस्टिंग मुंबईला. घरचे लई खुश, बँकेत पोरगी लागली म्हणल्यावर आईनं कॉलनीत पेढे वाटले. पहिली दोन वर्षं वसुलीचे दावे, सरफेसीच्या, म्हणजे थकलेल्या लोनचं तारण बँकेनं थेट ताब्यात घ्यायच्या कायद्याच्या, नोटिसा, डीआरटी म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या तारखा. तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलीय, म्हणजे तारण शेतजमीन असेल तर बँकेला ती थेट जप्त करून विकता येत नाही, सरळ दाव्याच्या रस्त्यानं जावं लागतं. म्हणून बँकवाला पहिल्या मिनिटाला विचारतो, एनए झालंय का, म्हणजे जमीन बिनशेती झालीय का. तो काही उगाच पिडत नसतो.

सोलर माझ्या टेबलावर आलं ते २०१५ ला. सरकारनं तेव्हा २०२२ पर्यंत १ लाख मेगावॅट सोलरचं टार्गेट ठेवलं होतं, आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं रिन्युएबल एनर्जीचं लोन प्रायॉरिटी सेक्टरमध्ये, म्हणजे बँकांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो अशा लोनमध्ये, घेतलं, १५ कोटीपर्यंत. पुढं २०२० ला ते ३० कोटी झालं. हे फार कुणी सांगत नाही पण बँकांना एकदम सूर्यावर प्रेम का आलं त्याचं निम्मं उत्तर ह्यात आहे. बँकेला प्रायॉरिटी सेक्टरचं टार्गेट पूर्ण करायचं असतं, पीककर्ज वाटून वाटून मॅनेजर थकलेला असतो, आणि समोर एकच पार्टी येते जी १०-१२ कोटी एका फटक्यात घेते. कोण सोडेल.

पहिल्या मीटिंगला मला काहीही कळलं नाही हे कबूल करते. कॉन्फरन्स रूममध्ये चौदा माणसं, एसी इतका की मी ओढणी गुंडाळून बसलेली, आणि सगळे सीपी सीपी करतायत, सीपी झाले का, सीपी पेंडिंग किती. मला वाटलं पोलीस कमिशनरची काही परवानगी लागते की काय. अर्ध्या तासानं कळलं की पैसे सोडायच्या आधी ज्या अटी पूर्ण झाल्या पाहिजेत त्यांना कंडिशन प्रिसीडंट म्हणतात, आणि त्या फाइलला तशा ८४ होत्या. जमीन, वीज खरेदी करार म्हणजे पीपीए, ग्रीडला जोडायची परवानगी, इन्शुरन्स, इंजिनिअरचा रिपोर्ट, प्रमोटरचे पैसे आधी आले का, सगळं. ह्या धंद्यात बँक कंपनीची जुनी पत बघून लोन देत नाही, कारण कंपनीच नवी कोरी असते, फक्त ह्या एका प्लँटसाठी काढलेली. तिच्याकडं बाकी काही नसतं. म्हणजे उद्या जी वीज बनणार तिचे जे पैसे येणार त्यावरच सगळं लोन उभं. म्हणून कागद इतके.

शेअर गहाण ठेवायचं एक गमतीचं आहे. बँकेला कंपनीवर ताबा पाहिजे म्हणून ५१ टक्के शेअर पाहिजेत, पण बँकिंग रेग्युलेशन अॅक्टच्या कलम १९ प्रमाणं बँकेला कुठल्याही कंपनीचे ३० टक्क्यांवर शेअर तारण घेता येत नाहीत. मग ३० टक्के गहाण आणि उरलेल्या २१ टक्क्यांना प्रमोटर लिहून देतो की मी हे तुम्हाला विचारल्याशिवाय विकणार नाही. मी सरांना फोन करून हे सांगितलं तर ते म्हणले, म्हणजे आपल्याकडं लोक गहाण न म्हणता विसार पावती करतात तसलंच की.

टीआरए अकाउंट मात्र मला एका दमात कळलं, आणि बाकीच्या मुंबईकरांना नाही. ट्रस्ट अँड रिटेन्शन अकाउंट. प्लँटचे सगळे पैसे एकाच खात्यात येणार आणि तिथून ठरल्या क्रमानं खाली जाणार, आधी सरकारचे टॅक्स, मग प्लँट चालवायचा खर्च, मग बँकेचं व्याज आणि हप्ता, मग दोन तिमाहीच्या हप्त्याएवढे पैसे बाजूला साठवून ठेवायचे, आणि एवढं सगळं होऊन उरलं तर प्रमोटरला. पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तेच. वरच्याचं भिजल्याशिवाय खालच्याला पाणी नाही, आणि टेलचा शेतकरी कायम शिव्या देत बसलेला. मी पहिल्यांदा तो क्रम वाचला तेव्हा सहज शोधलं की जमीनवाल्याचं भाडं कितव्या नंबरला आहे. कुठंच नव्हतं. प्लँट चालवायच्या खर्चात कुठंतरी गवत कापायच्या आणि वॉचमनच्या पगाराच्या रांगेत धरलेलं.

२०१६ ला लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आलं. मुंबईत ऑफिसात सगळे मला टीव्हीवरचं दाखवायचे, हे तुझं गाव ना. तेव्हा वडिलांचा फोन आला की आंघोळीला दोन तांबे पाणी पुरतं, तू उगाच बादली बादली घेतेस. २०१७ ला ते गेले. दिवस झाल्यावर भावानं औशाच्या रजिस्ट्री ऑफिसात हक्कसोडपत्राची तयारी ठेवली होती, मी मुंबईहून आले, दहा मिनिटात अंगठा, फोटो, सही. दिवसाला चार दस्त वाचणारी मी, माझा दस्त मी वाचला नाही. भावाशी माझं चांगलं आहे, आजही आहे, तक्रार म्हणून सांगत नाही. झालं ते लिहिलं.

२०१९ ला राजीनामा दिला. कारणं नेहमीचीच, पोरगी लहान, नवऱ्याची बदली, आणि बँकेत प्रमोशन पाहिजे तर उठा आणि कुठल्या कुठं जा. लातूरला परत आले तर सरांच्या ऑफिसातच एक टेबल मिळालं. पहिलं वर्ष नुसतं बसून. मग कोरोना. आणि मग हळूहळू मुंबईच्या ओळखीचे लोक फोन करायला लागले, मॅडम तुमच्या भागात दोन मेगावॅटचा प्लँट आहे, तीन मेगावॅटचा आहे, टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, कोण बघेल. कारण मुंबईच्या फर्मला लोन अॅग्रीमेंट झकास लिहिता येतं पण निलंगा तहसीलमध्ये फेरफार कुठल्या कपाटात असतो ते माहिती नसतं. २०२३ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला आणि मग फाइलींचा पूरच आला. गावाजवळच्या ३३ केव्ही सबस्टेशनच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये प्लँट लावायचा, त्याची वीज शेतीच्या फिडरला दिवसा द्यायची, महावितरण २५ वर्षं वीज घेणार. जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला, म्हणजे एकरी ५० हजार, दरवर्षी ३ टक्के वाढ. ज्या माळावर सोयाबीन चार पोती झालं तरी खूप झालं म्हणायचं, त्या माळाला एकरी ५० हजार. आणि रात्री दोनला उठून, बॅटरी घेऊन, साप-विंचवातून मोटार चालू करायला जायचं बंद होणार हे वेगळं. माझ्या मामांचं अर्धं आयुष्य त्यात गेलं, त्यामुळं ह्या योजनेला मी नावं ठेवणार नाही.

गावात मीटिंगला गेलं की मारुतीच्या पारावर एक प्रश्न येतोच, ओ मॅडम, कंपनी बुडाली तर बँक आमची जमीन घेईल का. नाही घेत. कंपनीकडं जमीन मालकीनं नाहीच, २५-३० वर्षांचा भाडेपट्टा आहे, बँकेकडं गहाण पडतो तो भाडेपट्टा. कंपनी बुडाली तर बँक दुसरी कंपनी आणून बसवते आणि तिनं भाडं द्यायचं. पण मी पुढचं पण सांगते, जे एजंट सांगत नाही. लीजची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात चढणार. त्या गटावर आता पीककर्ज विसरा. आणि ३० वर्षं म्हणजे तुमचा नातू लग्नाला येईल. हे ऐकून एखादा म्हातारा उठून निघून जातो, एजंट माझ्याकडं खाऊ का गिळू बघतो, पण नंतर भानगड होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

आता ती गोष्ट. निलंगा तालुका, गावाचं नाव नको. पाच मेगावॅट, २१-२२ एकर, साधारण २० कोटीचा प्रोजेक्ट, १५ कोटी लोन. जमीन वेगवेगळ्या सहा गटात. त्यातला एक गट दोन भावांचा, सहा एकर. मी बँकेच्या बाजूनं टायटल बघत होते. वडील १९९८ ला वारले, १९९९ ला वारस फेर, दोन मुलं, सातबारा कोरा, कसलाही बोजा नाही, कूळ नाही, वर्ग एक म्हणजे परवानगीशिवाय विकता येणारी. मी जानेवारीत क्लिअर रिपोर्ट दिला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच घराण्यातल्या चुलत्याच्या गटाचा हाताने लिहिलेला जुना फेर मागवला होता, दुसऱ्याच कामासाठी. तलाठ्याच्या माणसानं चुकून शेजारच्या फेराची पण झेरॉक्स दिली. ती ह्या दोन भावांचीच. कॉम्प्युटरवरच्या फेरात फक्त दोन मुलांची नावं आहेत, ती मी बघितली होती. हाताने लिहिलेल्यात निळ्या शाईत खाली अजून एक ओळ होती. मयतास दोन मुली असून त्या लग्न होऊन आपापल्या घरी नांदत आहेत.

मी ती ओळ तीनदा वाचली. पोटात गोळा आला म्हणतात ना, तो आला. चाचा आठवले. मुली आहेत हे त्या तलाठ्याला माहिती होतं, त्यानं लिहूनसुद्धा ठेवलं, फक्त नावं चढवली नाहीत, आणि मी मूळ कागद न मागवता टाइप केलेल्या नकलेवर रिपोर्ट ठोकून दिला. वंशावळ पण मागितली नव्हती. घाई होती, फाइली लई होत्या, ही कारणं मी इतरांकडून कधी ऐकून घेत नाही.

कायदा तर सरळ आहे. हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती, आणि त्यावर ११ ऑगस्ट २०२० चा सुप्रीम कोर्टाचा विनीता शर्मा निकाल, मुलीचा हक्क जन्मानं, बाप २००५ च्या आधी वारला असला तरी. चौघांचा चौथा चौथा हिस्सा. दोन बहिणींच्या सहीशिवाय सहा एकरचं लीज अर्धवट, आणि त्या सहा एकरात प्लँटचा इन्व्हर्टर रूम आणि ट्रान्सफॉर्मर.

रिपोर्ट मागं घेते असा मेल मी रात्री अकराला केला. सकाळी सातला प्रमोटरचा फोन. तो काय काय बोलला ते लिहीत नाही. बँकेचा मॅनेजर शांत होता पण त्याची अडचण वेगळी, त्याला हे लोन प्रायॉरिटी सेक्टरमध्ये मार्चच्या आकड्यात धरायचं होतं, आणि २०२५ चा मार्च असा की ३० ला पाडवा, रविवार, ३१ ला ईद. जे काय करायचं ते २९ च्या आत. मुंबईच्या लोन कौन्सिलनं, म्हणजे लोनचे कागद करणाऱ्या वकिलानं, सुचवलं की सातबाऱ्यावर नावं नाहीत ना, मग इन्डेम्निटी बॉन्ड, म्हणजे नुकसान झालं तर भरून द्यायची लेखी हमी, घेऊन पुढं जाऊ. बरेच जण तसंच करतात. मी नाही म्हणलं, कारण आता ती ओळ मी वाचली होती.

धाकटी बहीण लातूरलाच, तिनं १९९९ ला १०० च्या स्टँपवर हक्क सोडला म्हणून लिहून दिलेलं, रजिस्टर नाही, त्यामुळं त्याचा उपयोग शून्य. पण ती भावांच्या शब्दाबाहेर नव्हती. थोरली भालकीला. भालकी म्हणजे कर्नाटक, पण म्हणायला कर्नाटक, १९५६ च्या आधी निलंगा नि भालकी एकाच बिदर जिल्ह्यात, सोयरिकी अजून तशाच होतात. भाऊ म्हणले, ती सही करणार नाही, सहा वर्षं झाली बोलचाल नाही. काय झालं होतं विचारलं तर दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

मी १३ तारखेला गेले, होळीचा दिवस, औराद शहाजानीवरून. माझी कारकून पोरगी आणि मी. साठीच्या पुढची बाई, घर साधं, अंगणात शेणाचा सडा, आत पुरण शिजत होतं. मी वकील आहे, बँकेची आहे, तुमच्या भावांची नाही, हे आधी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणली, माय, आधी जेवा. पोळीवर तूप, कटाची आमटी. जेवताना तिनं मला विचारलं, तुमचं माहेर कुठलं, जमीन हाय का, तुमच्या नावावर काय हाय. मी म्हणलं, मी लिहून दिलंय भावाला. ती काहीच बोलली नाही. अजून एक पोळी वाढली.

मग तिनं सांगितलं. भाच्याच्या लग्नाला पत्रिका आली नाही. एवढंच होतं. सहा वर्षं. म्हणली, कोर्टकचेरी मी करणार नाही, मला जमीन नको, पण सही पाहिजे तर थोरल्यानं इथं यावं, फोनवर नाही, एजंटला नाही पाठवायचं. आणि रिकाम्या हातानं नाही. मी म्हणलं, साडी आणायला सांगते. ती म्हणली, साडी तर आणूच दे, खातं नंबर बी लिहून घ्या.

धुळवड गेली आणि सोमवारी भाऊ आला. साडी, नारळ, पेढे. बाहेर गाडीत बसून मी ऐकत होते, आधी दहा मिनिटं भांडणाचा आवाज, मग रडण्याचा, मग बराच वेळ काही नाही, मग मला आत बोलावलं. सहा एकरचं भाडं वर्षाला ३ लाख, तिचा चौथा हिस्सा ७५ हजार. ती म्हणली, मला ५० द्या, २५ थोरल्याच्या पोरीच्या शिक्षणाला ऱ्हाऊ द्या, तिचं नर्सिंग चाललंय. भाऊ म्हणला, बरं ताई. ती म्हणली, बरं नाही, मी २५ सोडले हे बी कागदावर लिवा.

तर मी ते लिहिलं. पुरवणी लीज डीडच्या परिशिष्टात चार खाती, प्रत्येकाची रक्कम, आणि खाली एक कलम की ह्या ह्या हिस्सेदारानं आपल्या हिश्श्यातले वार्षिक २५ हजार अमुकच्या मुलीच्या शिक्षणासाठी स्वेच्छेनं सोडलेत, शिक्षण पूर्ण झाल्यावर ते परत तिच्या खात्यात चालू होतील. शेवटचं वाक्य तिनंच सांगितलं. मुंबईच्या कौन्सिलचा फोन आला, हे काय आहे, हे टेम्प्लेटमध्ये नाही. प्रमोटरच्या अकाउंट्सवाल्याला एका गटाला एकच खातं पाहिजे होतं, सॉफ्टवेअरमध्ये दुसरं बसत नाही म्हणे. बसवलं त्यानं नंतर.

मग नावाचा घोळ. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं, आधारवर कन्नड आणि इंग्रजी, फेरात तर नावच नाही. दोन्ही गावचे दाखले, नोटरीचं अॅफिडेव्हिट, दोन म्हातारे साक्षीदार. २६ तारखेला निलंग्याला रजिस्ट्रेशन झालं, सर्व्हर दोनदा डाऊन, ती बाई सकाळी दहापासून बाकावर नवी साडी नेसून बसलेली, भाऊ उसाचा रस घेऊन येतोय जातोय. २७ ला गहाणाचे कागद, २८ ला सीपी सर्टिफिकेट, संध्याकाळी पावणेसहाला लोनचा पहिला हप्ता सुटला. गहाणाची नोंद सरसाईत म्हणजे तारणांच्या केंद्रीय रजिस्टरात, आरओसीकडं म्हणजे कंपनी रजिस्ट्रारकडं, आणि रजिस्ट्रीला इंटिमेशन ह्याला ३० दिवस असतात, ते निवांत एप्रिलमध्ये केलं. प्रमोटर नंतर दोन महिने माझ्याशी बोलला नाही, मग पुढची फाइल मात्र त्यानंच पाठवली.

त्या फाइलमध्ये मी बँकेकडून अजून एक गोष्ट करून घेतली. टीआरएच्या क्रमात जमिनीचं भाडं गवत कापण्याच्या रांगेतून काढून टॅक्सच्या खालोखाल वेगळ्या ओळीत. बँकेला पण ते पटलं, भाडं थकलं आणि लीजच तुटलं तर बँकेचं तारण कुठं राहतं. सगळ्या बँका ऐकत नाहीत. आणि शेजारच्या ज्या शेतातून लाइनचे पोल जातात त्या शेतकऱ्याचं मला अजून काही जमलेलं नाही, तो बिचारा कुठल्याच क्रमात नाही.

आता माझ्या चेकलिस्टमध्ये तिसऱ्या नंबरला आहे, हाताने लिहिलेला मूळ फेर, आणि चौथ्याला, सगळ्या बहिणी, माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, फोन. एजंट लोक ह्याच्यावर वैतागतात, तुमच्या रिपोर्टला लई टाइम लागतो मॅडम, दुसरे वकील चार दिवसात देतात.

भालकीच्या बाईंचा फोन येतो अधूनमधून. पहिलं भाडं जमा झालं तेव्हा आला होता, बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं म्हणली, मेसेजवर तिचा विश्वास नाही. पोरीचं नर्सिंग कधी संपतं हे पण तिनं मलाच विचारलं. मी म्हणलं तुम्ही भावाला विचारा की, आता तर बोलता. म्हणली, त्याला विचारलं तर त्याला वाटंल मी पैशासाठी विचारलालेय.

परवा अहमदपूर तालुक्यातली फाइल आलीय. तीन भाऊ, सहा बहिणी, त्यातली एक हैदराबादला, एक नांदेडला, आणि एक कुठं आहे ते भावांनाच नीट सांगता येईना. उद्या सकाळी सातला निघतोय.